वाचकांचे प्रश्न : हायडेलबर्गचं ‘त्सुम रिटर’

प्रश्न : मुलगी जर्मनीत हायडेलबर्गला शिकते. तिथलं ‘त्सुम रिटर’ हॉटेल चारशे वर्षांचं आहे म्हणे. खरं का?

उत्तर : इमारत चारशेहून जुनी, हॉटेल मात्र नंतरचं. 1592 साली शार्ल बेलिए या कापडाच्या व्यापाऱ्याने ते राहतं घर म्हणून बांधलं. धर्मापायी घरदार सोडून आलेला प्रोटेस्टंट माणूस, पण पैसा दणकून कमावलेला. दर्शनी भिंत सगळी कोरीव दगडाची. तिच्यावर ‘परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ’ हे बायबलमधलं वचन लॅटिनमध्ये आहे, आणि स्वतःची न् बायकोची छबीही! देवाला मान दिला, पण घर कुणाचं हे विसरू दिलं नाही.

1693 मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजेने गाव जाळलं. आजूबाजूची घरं खाक झाली, हे दगडी घर तगलं. मग काही काळ नगरपालिकेचा कारभार इथूनच चालला. खानावळ आणि मुक्कामाची सोय अठराव्या शतकात आली. ‘रिटर’ म्हणजे जर्मनमध्ये घोडेस्वार योद्धा; नाव शिखरावरच्या योद्धा संत जॉर्जच्या पुतळ्यावरून पडलं. तो नीट पाहायचा तर समोरच्या चर्चपाशी उभं राहायला सांगा; दारातून नुसती मान दुखते.