पत्रा, स्लॅब आणि वर पळणारी ऊब

प्रश्न: आमची वरची खोली पत्र्याची आहे. हीटर बंद केला की थोड्याच वेळात परत गारठा. मागच्या वर्षी फॉल्स सिलिंगच्या वर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) टाकलं, फार फरक पडला नाही आणि आता सिलिंगवर पाण्याचे डाग दिसतायत, पाऊस नसताना! अजून एक थर टाकू का?

उत्तर: आत्ता थर नको. ते पाणी तुमच्या खोलीतूनच गेलंय. श्वास, वाळत घातलेले कपडे, अंघोळीची वाफ ह्या सगळ्याचं बाष्प हवेत असतं, गरम हवा वर चढते, लाइटच्या कटआउटमधून, भिंतीच्या सांध्यातून सिलिंगच्या वर जाते आणि गार पत्र्याला लागली की त्यातलं बाष्प पाणी होऊन खाली ठिबकतं. आकाश निरभ्र असेल तर रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, सकाळी त्याच्यावर दव दिसतं ते त्यामुळेच. आणि ज्या फटीतून बाष्प जातं तिथूनच तुमची ऊबही जातेय. ग्लासवूल काही हवा अडवत नाही हो, ते फक्त तंतूंमध्ये हवा धरून ठेवतं, खालून झोत आला की विषय संपला, त्यात ते ओलं झालं तर आणखीच निकामी.

म्हणून आधी फटी. पंखा बंद करून उदबत्ती सिलिंगच्या कडेने आणि लाइटपाशी फिरवा, जिथे धूर आत ओढला जातो तिथे सीलंट भरा. ओलं ग्लासवूल काढून वाळवा, कुजका वास येत असेल तर सरळ टाकून द्या. परत घालताना त्याच्या खाली, म्हणजे उबदार बाजूला, सलग प्लास्टिक शीट, आणि वर पत्र्यापर्यंत हवा खेळायला जागा. दाबून कोंबू नका, जाडी गेली की गुण गेला. खोलीत गॅसचा हीटर किंवा शेगडी असेल तर मात्र हवेची वाट ठेवायचीच, तिथे कंजूषी जिवावर बेतते.

प्रश्न: आमचा स्लॅब आहे. पांढरा कोट मारला तर थंडीतही उपयोग होईल ना? की थर्माकोलच लावावं, आणि किती जाड?

उत्तर: पांढरा कोट हे उन्हाळ्याचं औषध. थंडीत तो फुकटचं ऊनसुद्धा परत पाठवतो आणि रात्री आतली ऊब काही थांबवत नाही. थर्माकोलचा हिशेब असा की साधारण 150 मिमीच्या उघड्या स्लॅबला 25 मिमी लावलं तर जाणारी उष्णता जवळपास पाव राहते, 50 मिमीला सातवा हिस्सा. म्हणजे पहिला इंचच खरं काम करतो, दुसरा परवडत असेल तर घ्या, त्याच्यापुढे माझ्या मते खिडक्यांकडे बघावं. आतून लावलंत तर उघडं ठेवू नका, थर्माकोल पेट घेतं, वर जिप्सम बोर्ड हवाच. गच्चीवरून लावायचं असेल तर साधं थर्माकोल नको, पाणी न पिणारे एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलचाच घट्ट प्रकार) घ्या आणि आधी वॉटरप्रूफिंग तपासा, गळक्या स्लॅबवर बोर्ड टाकला तर गळती नेमकी कुठे आहे ते नंतर शोधता येत नाही.