नागपूरच्या वर्धा रोडवर बसमधली थांब्याची घोषणा उशिरा किंवा भलत्याच ठिकाणी का होते?

बहुतेक वेळा चूक आवाजाच्या फाइलमध्ये नसते, बसची जागा ओळखण्यात असते. छत्रपती चौक ते उज्ज्वल नगर या पट्ट्यात रस्त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे. खालून जाणाऱ्या बसला उपग्रह थेट दिसत नाहीत. खांबांवर आणि इमारतींवर आपटून आलेला सिग्नल मिळतो आणि नकाशावरचा ठिपका पलीकडच्या लेनमध्ये उडी मारतो. मग समोरच्या बाजूच्या थांब्याचं नाव वाजतं. यावर उपाय:

- जीपीएसला चाकाच्या पल्सची (चाक किती फिरलं हे मोजणाऱ्या सेन्सरच्या ठोक्यांची) जोड द्या आणि ठिपका ठरलेल्या मार्गावरच बसवा.
- थांब्यासोबत बसची दिशाही तपासा.
- घोषणा निदान 150 मीटर आधी सुरू करा. मराठी, हिंदी, इंग्रजी मिळून 12 सेकंद लागले, तर ताशी 30 किलोमीटरने बस तेवढ्यात 100 मीटर पुढे जाते. दाराशी पोचायला म्हाताऱ्या माणसाला वेळ मिळालाच पाहिजे.

फक्त चाकावर मात्र विसंबू नका: 50 सेंटिमीटर त्रिज्येचा टायर 1 सेंटिमीटर झिजला की दर किलोमीटरला साधारण 20 मीटरचा फरक पडतो. म्हणून थांब्यावर दार उघडलं की मोजणी तिथून जुळवून घ्यावी.