'सॉंगरायटर' म्हणजे गीतकार का?

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा जॉन डीकन 'बेस गिटारिस्ट आणि सॉंगरायटर' होता. त्याला मराठीत 'खर्जगिटारवादक व गीतकार' म्हणावं का?

दोन्ही शब्द मला पटत नाहीत, पण खरी गफलत 'गीतकार'मध्ये आहे, म्हणून आधी तो.

मराठीत गीतकार शब्द लिहितो, चाल संगीतकार लावतो. गीतरामायणाचे गीतकार गदिमा, संगीतकार सुधीर फडके. ही वाटणी आपल्या कानांत इतकी मुरली आहे की 'गीतकार डीकन' वाचल्यावर लगेच मनात येतं, मग चाल कोणाची? चालही त्याचीच. १९७५च्या 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'चे शब्द डीकनचे, चाल डीकनची, त्यातला इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवला. गायला मात्र पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी. नुसतं 'संगीतकार' लिहिलं तर उलटी चूक होते, शब्द दुसऱ्या कोणाचे वाटतात. 'गीतकार-संगीतकार' बरोबर आहे, पण सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखं दिसतं.

या अर्थाचा नेमका शब्द जुना आहे : वाग्गेयकार. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त त्याची व्याख्याच दिली आहे. वाक् आणि गेय, म्हणजे शब्द आणि स्वर, दोन्ही करणारा तो वाग्गेयकार. बंदिशकारांना तो आजही शोभतो. रॉक बँडच्या बातमीत मात्र जड होतो.

माझ्या मते इथे नाम शोधत बसूच नये. 'रचणे' हे क्रियापद शब्द आणि चाल दोन्ही सामावून घेतं : 'हे गाणं डीकनने रचलं.' एक जपायचं. १९८९च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून क्वीनने गाण्यांचं श्रेय एकेकाला न देता सगळ्या बँडला दिलं. त्या गाण्यांना 'क्वीनचं गाणं' एवढंच म्हणावं.

आता 'खर्ज'. हे 'षड्ज'चंच, म्हणजे 'सा' या स्वराच्या नावाचंच रूप, 'वर्षा'चं 'बरखा' झालं तसं. तंबोऱ्याची खर्जाची तार एकच स्वर धरून असते. बेस गिटारचं काम तसं नाही. तिच्या चार तारा (ई, ए, डी, जी) साध्या गिटारच्या त्याच नावाच्या जाड तारांहून बरोबर एक सप्तक खाली लागतात; सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झ, गिटारची ८२. पण त्यांवर स्वरांची चालती ओळ वाजते. डीकनच्याच १९८०च्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये लोक गुणगुणतात ती ओळ बेसचीच. तेव्हा 'बेस गिटार'च ठेवावं, आणि 'बेस' असंच लिहावं. 'बॅस' हा मासा, आणि 'बास' म्हणजे आपल्याकडे पुरे.

एवढं धरून वाक्य असं होईल : 'जॉन डीकन १९७१ साली क्वीनमध्ये बेस वाजवायला आला आणि बँडची काही गाजलेली गाणी त्याने रचली.'