वाचकांचे प्रश्न : टॉवरला मर्यादा किती?

प्रश्न : मुलीकडे वॉशिंग्टनला राहून आले. तिथे टॉवर दिसलेच नाहीत. संसदेच्या घुमटापेक्षा उंच बांधायचं नाही, असा कायदा असल्याचं जावई म्हणाले. इकडे दादरच्या हिंदू कॉलनीत जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत, आमच्या सोसायटीतही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तसा कायदा इथे का नाही? नुसत्या उंचीच्या नियमाने शहर इतकं बदलतं?
— एक वाचक, दादर

उत्तर : ताई, घुमटाची गोष्ट तिथले लोकही सांगतात, पण कायद्यात घुमट नाही. 1894 साली तिथल्या घरवस्तीत 164 फूट उंचीची 'कैरो' ही इमारत उभी राहिली आणि शेजारी खवळले. त्यातून 1899चा आणि मग 1910चा कायदा आला. समोरच्या रस्त्याच्या रुंदीत 20 फूट मिळवायचे, तेवढीच उंची. बाजारपेठेच्या रस्त्यांवर कमाल 130 फूट, पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूच्या काही भागात 160. म्हणजे उंची ठरवतो तो रस्ता! तिथले रस्ते 1791च्या आराखड्यातच ऐसपैस आखलेले, म्हणून तुम्हाला आभाळ दिसलं.

त्याची किंमतही आहे. जमीन महाग आणि वर जाता येत नाही, म्हणून बिल्डर प्लॉट काठोकाठ भरतो. 130 फुटांत बारा मजले बसवायचे तर छत खाली येतं, गच्ची सपाट होते, दर्शनी भाग सरळसोट होतो. नदीपलीकडे, व्हर्जिनिया राज्यातल्या रॉसलिनला हा कायदा लागू नाही, तिथे लगेच टॉवर दिसतात.

आता आपल्याकडे. असा नियम इथे होता, आणि तुमची कॉलनी त्याच विचारातून वसली. 1896च्या प्लेगनंतर, 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्याचीच. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता (तळापासून समोरच्या माथ्याकडे बघताना नजर जास्तीत जास्त एवढ्या कोनात वर जावी) : समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. चाळीस फुटांना वीस फूट. खालच्या खोलीतही उजेड पोचावा, एवढाच हेतू. मी विद्यार्थ्यांना तुमच्या गल्ल्यांत नेऊन टेप धरायला लावत असे. वर्गात न पटलेलं तिथे पटायचं. गॅलरीतून हाक मारली की फुटपाथवरच्या माणसाला ऐकू जाते, हे त्या मापांमुळेच.

1960च्या दशकातल्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय आला आणि हिशेब बदलला. एफएसआय सांगतो तो प्लॉटच्या किती पट बांधायचं, कसं ते नाही. 1991च्या नियमांत शहर भागाला 1.33 होता. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 1,330 चौरस मीटर : सुमारे 443चे तीन मजले करा, नाहीतर 133चे दहा. उंचीचं रस्त्याशी असलेलं नातं सैल होत गेलं ते इथून. पुढे पुनर्विकासासाठी एफएसआय वाढवत नेला, गाड्यांसाठी पोडियम, म्हणजे टॉवरखालचे पार्किंगचे मजले आले, आणि जिथे ओटा, दुकान, खिडकी होती तिथे रस्त्याला पार्किंगची भिंत आली. मला टॉवरच्या टोकापेक्षा ही भिंत जास्त छळते.

सगळ्या मुंबईवर एकच छत घालावं असं मी म्हणणार नाही. आधीच घरं परवडत नाहीत, त्यात लोक आणखी लांब फेकले जातील. पण हिंदू कॉलनीसारख्या अरुंद गल्ल्यांत उंची पुन्हा रस्त्याला बांधली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगतो. सभेत सगळे कार्पेट एरिया विचारतील. तुम्ही बिल्डरकडून छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल तसं चित्र मागा, शेजारच्या इमारतींसकट. त्यात तीन गोष्टी बघा : दोन्ही बाजूंना मोकळी जागा किती, रस्त्याच्या पातळीला काय आहे, आणि गाड्या तळघरात आहेत की पोडियमवर. शेजारच्या सोसायटीलाही ते चित्र दाखवा, कारण तुमचा टॉवर त्यांचा उजेड अडवणार आहे आणि उद्या त्यांचा तुमचा. सह्या त्यानंतर.