चित्रात गाव कुठे आहे?

प्रश्न : अलीकडे एका प्रदर्शनात काही अमूर्त चित्रे पाहिली. शीर्षके गावांची आणि नद्यांची होती, परंतु घर, झाड, डोंगर असे ओळखू येण्याजोगे काहीच चित्रांत नव्हते. नकाशांवरून ती केल्याचे चित्रकाराने सांगितले. मग सरळ नकाशाच का पाहू नये? – एक वाचक, वाई

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नकाशाच्या रेषा गिरवून त्यांत रंग भरलेली पुष्कळ चित्रे निव्वळ शोभेची असतात आणि त्यांच्यापेक्षा मूळ नकाशाच देखणा वाटतो, हे आधी कबूल करायला हवे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरचा अर्धा किलोमीटर एका सेंटिमीटरमध्ये मावतो आणि उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात. आपल्याच भागाचा नकाशा पाहिलात, तर पांडवगडाच्या उतारावर या रेषा एकमेकींना खेटून आलेल्या आणि कृष्णाकाठच्या सपाटीवर विरळ झालेल्या दिसतील. गड चढलेल्या माणसाला त्या दाटीत आपली लागलेली धाप आठवते. नकाशाला मात्र प्रत्येक रेषा ठरलेल्या जाडीचीच काढावी लागते. कोणती रेषा किती जड हे ठरवण्याची मोकळीक चित्रकाराला असते आणि माझ्या मते नकाशा व चित्र यांतला खरा फरक तेवढाच आहे.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलचे पीटर लॅनियन (१९१८–१९६४) यांनी १९५१ मध्ये ‘पोर्थलेवन’ हे चित्र पूर्ण केले. ते ब्रिटनमधील टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात असून सुमारे आठ फूट उंच आणि चार फूट रुंद आहे. पोर्थलेवन हे मच्छीमारांचे छोटे बंदर. परंतु धक्क्यावर एका जागी उभे राहून ते जसे दिसेल तसे लॅनियन यांनी रंगवले नाही. वरून, खालून, चालता चालता अशी निरनिराळी दर्शने त्यांनी त्या उभट चित्रात एकमेकांत गुंतवली. घड्याळाचा मनोरा थोड्या प्रयत्नाने सापडतो, बंदराचा आतला आणि बाहेरचा भागही लक्षात येतो, बाकीचे मात्र पायांना आणि डोळ्यांना जाणवलेले वळण आहे. पुढे १९५९ पासून ते ग्लायडर चालवू लागले आणि भूमीबरोबरच हवेचे प्रवाहही त्यांच्या चित्रांत आले. ग्लायडरच्याच अपघातानंतर त्यांचा मृत्यू झाला.

याच्या अगदी उलट टोकाला झरिना हाश्मी या कलावंताचे काम आहे. १९३७ मध्ये अलिगढला जन्मलेल्या झरिना यांची ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) ही कृती रंगचित्र नसून काष्ठठसा, म्हणजे लाकडात कोरून कागदावर उठवलेला ठसा आहे, तरीही तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. शहरे, नद्या, नावे असे सारे वगळून त्यांनी भारत-पाकिस्तान सीमेची एकच काळी, वेडीवाकडी रेषा कागदावर ठेवली. ज्यांची घरे त्या रेषेने तोडली, त्यांना तिचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा अशा चित्रासमोर गाव शोधत बसण्याऐवजी पाहणारा कुठे उभा आहे, वर, आत की वाटेवर, हे आधी पाहावे. आणि मग काय गाळले आहे, ते.

प्रश्न : मला माझ्या गावाचे असे चित्र काढायचे आहे. गाव नकाशा वापरला तर चालेल का? – एक वाचक, जि. परभणी

उत्तर : अवश्य वापरा. ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गटनिहाय नकाशा पाहता येतो. मात्र तो एकदा नीट पाहून बाजूला ठेवा, शिवारात फिरून या आणि मग आठवणीने रेषा काढा. गाव नकाशात सगळ्या गटांच्या हद्दी सारख्याच दिसतात. पण ज्या बांधावरून दोन पिढ्या भाऊबंदकी चालली, तो बांध आणि ज्यावर बसून आपण भाकरी खाल्ली, तो बांध एकाच जाडीचे कसे असतील? ओढा उन्हाळ्यात कोरडा पडत असेल, तर त्याला निळा रंग देण्याची सक्ती नाही. उत्तर दिशा वर असण्याचीही गरज नाही; घरातून निघून ज्या पाणंदीने आपण शेताकडे जाता, ती कागदाच्या खालच्या कडेपासून सुरू करा.