क्रुगरला चाललोय, पण पक्षी बघायचे की सिंह?

प्रश्न: आम्ही चौघं दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कला जाणार आहोत, सहा दिवस आहेत. मला पक्ष्यांचं वेड, घरच्यांना सिंह, बिबट्या, हत्ती पाहिजेत. कोणता महिना निवडू आणि राहू कुठे?

उत्तर: बहुतेक लोक मे ते सप्टेंबर सांगतील आणि प्राण्यांपुरतं ते बरोबरच आहे. तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो, पानं झडलेली, गवत बसलेलं, पाणी मोजक्याच ठिकाणी, त्यामुळे प्राणी तिथे येतातच. पण स्थलांतर करणारे पक्षी येतात पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि तेव्हा गवत इतकं वाढतं की रस्त्यापासून दहा फुटांवर सिंह झोपला असेल तरी कळत नाही. मला विचाराल तर नोव्हेंबर धरा. गवत अजून फार वाढलेलं नसतं, वुडलँड किंगफिशर हा निळा खंड्या नुकताच आलेला असतो आणि दिवसभर ओरडत असतो, इम्पाला हरणांची पिल्लं जन्माला यायला लागतात. ऊन मात्र भयंकर, ते सोसायची तयारी ठेवा. आणि हा मलेरियाचा भाग आहे, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

आता राहायचं कुठे. पार्क उत्तर-दक्षिण जवळजवळ 350 किलोमीटर लांब आहे, सगळा बघायच्या नादात दिवस गाडीतच जातो. दोनच कॅम्प घ्या, लोअर साबी आणि सटारा. लोअर साबीला लागूनच सनसेट डॅम आहे, तिथे गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि तासभर हलायचंच नाही. पाणघोडे, मगरी, बगळे, करकोचे, पाण्यावर आलेले प्राणी सगळं तिथेच दिसतं आणि घरात भांडणही होत नाही! स्कुकुझा या कॅम्पजवळ लेक पॅनिक तळ्यावर लपून पक्षी बघायची झोपडी आहे, तिथे गाडीतून उतरून आत बसता येतं, पक्ष्यांसाठी ते अजिबात चुकवू नका.

सटाराच्या बाजूला मोकळं गवताळ रान आहे, सिंह तिकडे चांगले दिसतात, आणि तुमच्यासाठी कोरी बस्टर्ड हा पक्षीही. आपल्या माळढोकाचाच हा जवळचा नातेवाईक, नराचं वजन 18 किलोपर्यंत जातं तरी उडतो. कार्माइन बी-इटर, म्हणजे वेड्या राघूचा लालभडक भाऊबंद, कधी कधी चक्क त्याच्या पाठीवर बसून फिरतो, बस्टर्डच्या पायांनी उठलेले किडे खायला. पण हे बघायचं तर डिसेंबरनंतर जावं लागेल.

घरच्यांच्या बिग फाइव्हसारखी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पक्ष्यांची बिग सिक्स यादी तिथे आहे: कोरी बस्टर्ड, मार्शल ईगल, लॅपेट-फेस्ड गिधाड, सॅडल-बिल्ड स्टॉर्क, ग्राउंड हॉर्नबिल आणि पेल्स फिशिंग आउल. शेवटचं घुबड नदीकाठच्या दाट झाडीत राहतं, ते सहा दिवसांत दिसेलच असं धरू नका, त्याच्यासाठी पार उत्तरेला पाफुरीला जावं लागतं. ग्राउंड हॉर्नबिल मात्र मन लावून बघा. लाल गळ्याचं काळं कुटुंब रस्त्याकडेनं चालत जाताना दिसतं, पहाटे त्यांचा घुमणारा आवाज लांबून येतो. दोन अंडी घातली तरी वाढतं ते एकच पिल्लू, दुसरं उपाशी मरतं, म्हणून तिथले संवर्धक काही घरट्यांतलं ते दुसरं पिल्लू उचलून हातानं वाढवतात. ही यादी घरच्यांच्या हातात द्या, मुलं असतील तर दोन दिवसांत तीच तुम्हाला गाडी थांबवायला लावतील.

प्रश्न: स्वतः गाडी चालवावी का?

उत्तर: हो, बिनधास्त. साधी छोटी गाडी चालते, रस्ते चांगले आहेत, डावीकडूनच चालवायचं. डांबरावर 50, कच्च्या रस्त्यावर 40 ची मर्यादा, पण पक्षी बघायचे तर 25 च्या वर जाऊच नका. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, आणि कॅम्पचं गेट बंद व्हायच्या आत परत यायचं, त्या वेळा महिन्यानुसार बदलतात.

प्रश्न: गिधाडं दिसली की शिकार जवळ असते म्हणतात, खरं का?

उत्तर: अर्धंच. सकाळी झाडावर बसलेली गिधाडं बऱ्याचदा रात्रीच्या मुक्कामाचीच असतात, हवा तापेपर्यंत ती उडत नाहीत. उन्हं वर आल्यावर एकामागून एक खाली उतरायला लागली तर मात्र थांबा. आणि भर दिवसा झाडांवर दाटीनं बसून सगळी खालीच बघत असतील, उतरत नसतील, तर शिकार करणारा प्राणी अजून मांसावर असू शकतो.

याच सवयीपायी ती मारली जातात हे मनाला फार लागतं. आकाशात घिरट्या दिसल्या की रेंजरना चोरट्या शिकारीची जागा कळते, म्हणून हे चोरटे शिकारी मारलेल्या हत्तीच्या अंगात विष घालतात आणि एका मढ्यावर शेकडो गिधाडं संपतात. तेव्हा एका जागी बरीच गिधाडं मरून पडलेली दिसली तर फोटो काढत बसू नका, खाली तर उतरूच नका, जागा लिहून घ्या आणि जवळच्या कॅम्पच्या रिसेप्शनला लगेच सांगा. गेंडा दिसला तर त्याची जागा मात्र ऑनलाइन कुठेच टाकू नका, ती चोरट्या शिकाऱ्यांनाही कळते, फोटो टाकायचाच असेल तर लोकेशन काढून टाका.