जर्मनीतल्या महिला फुटबॉलची दुसरी लीग बघण्यासारखी असते का? एखादा हंगाम नेमका कसा असतो?

शिक्षणासाठी बर्लिनला येताय, पुरुषांच्या बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत वरच्या लीगची, तिकिटं मिळत नाहीत असं ऐकलंय, म्हणून महिलांची दुसरी लीग तरी बघावी का, असं तुम्ही विचारलंय. तिकिटांचं ऐकलंत ते खरं आहे. युनियन बर्लिनच्या पुरुष संघाचा सामना क्लबचं सभासदत्व नसताना बघायला मिळणं फार कठीण. महिलांची दुसरी लीग मात्र जरूर बघा, पण दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणून नव्हे. जर्मन फुटबॉलमध्ये सध्या जी उलथापालथ चाललीय ती पहिल्या लीगपेक्षा इथे जास्त उघडी दिसते. २०२४-२५ चा हंगाम मी बर्लिनमधून बऱ्यापैकी जवळून पाहिला, म्हणून त्याच्याच आधारे सांगते.

आधी रचना. ही लीग २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. २०१८ पासून देशभराची मिळून एकच लीग आहे (मध्ये कोरोनामुळे एक हंगाम पुन्हा दोन गटांत खेळवावा लागला). चौदा संघ, प्रत्येकाचे २६ सामने, ऑगस्टच्या शेवटाला सुरुवात, हिवाळ्यात लांब सुट्टी आणि मे महिन्यात शेवट. एरवी पहिले दोन संघ वर जातात. २०२४-२५ मध्ये मात्र तीन जाणार होते, कारण पहिली लीग पुढच्या हंगामापासून बाराऐवजी चौदा संघांची होणार होती. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकालाही सोन्याचा भाव आला.

एक गंमत लक्षात ठेवा, नाहीतर गुणतक्ता बघून गोंधळाल. बायर्न म्युनिक, फ्रँकफुर्ट, फ्रायबुर्ग अशा मोठ्या क्लबांचे दुसऱ्या फळीचे संघही या लीगमध्ये होते. मुख्य संघ वरच्या लीगमध्ये असल्यामुळे त्यांना वर जाता येत नाही. २०१८-१९ मध्ये वोल्फ्सबुर्गच्या दुसऱ्या संघाने ही लीग चक्क जिंकली, आणि तरी वर गेले ते कोलोन आणि येना. असल्या संघांना हरवणं सोपं नसतं. पोरी तरुण, तंत्र पक्कं, आणि बढतीचं दडपण शून्य. बढतीच्या शर्यतीतले संघही यांच्याकडून कधीकधी मार खातात.

आता मुख्य गोष्ट. या लीगच्या एकाच तक्त्यात दोन निरनिराळी जगं नांदतात. एकीकडे झांट, आंडरनाख, वाइनबर्ग, ग्युटर्सलो. एससी झांट हा फ्रान्सच्या सीमेजवळच्या, स्ट्रासबुर्गच्या अलीकडच्या एका गावाचा क्लब. गाव म्हणजे खरोखरच गाव, विलश्टेट नावाच्या छोट्या नगरपालिकेचा एक भाग. या गावाच्या पोरींनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मन कपची (लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम फेरी गाठली, दोन्ही वेळा वोल्फ्सबुर्गकडून १-२ असा निसटता पराभव झाला, आणि २०१४ ते २०२२ या काळात त्या पहिल्या लीगमध्ये होत्या. अशा क्लबांतल्या बऱ्याच खेळाडू शिकतात किंवा नोकरी करतात. शनिवारी बसने सहाशे-सातशे किलोमीटर जायचं, रविवारी दुपारी खेळायचं, रात्री उशिरा घरी पोचायचं आणि सोमवारी सकाळी कामावर. मला या लीगबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

दुसरीकडे युनियन बर्लिन, हॅम्बुर्गचा एचएसव्ही, न्युर्नबर्ग. यांच्या मागे पुरुषांचा मोठा क्लब उभा. युनियनने २०२३ मध्ये महिला संघाला पूर्ण व्यावसायिक केलं, तेव्हा तो तिसऱ्या पातळीवर होता. २०२४ मध्ये दुसऱ्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात ती जिंकून थेट वर गेला. प्रशिक्षक आयलीन पोझे. घरचे सामने कुठल्या आडबाजूच्या मैदानावर न ठेवता बर्लिनच्या क्योपेनिक भागातल्या ‘आल्टे फ्योर्स्टराय’ या क्लबच्या मुख्य स्टेडियमवर ठेवले, हा निर्णय माझ्या मते सर्वांत हुशारीचा. बावीस हजारांचं हे स्टेडियम, त्यातही बहुतेक जागा उभ्यानेच बघायच्या, आणि २००८-०९ मध्ये क्लबच्या चाहत्यांनी स्वतः राबून ते नव्याने बांधलेलं. त्या लोकांना स्टेडियम आपलं वाटतं, म्हणून तिथे खेळणाऱ्या पोरीही आपल्या वाटल्या. दुसऱ्या लीगच्या सामन्याला हजारो लोक गाणी म्हणत उभे आहेत हे दृश्य या लीगला सवयीचं नव्हतं.

दुसरा क्रमांक न्युर्नबर्गचा. आदल्या वर्षी खाली आले, लगेच परत गेले, त्यांच्याबद्दल एवढंच पुरे. तिसऱ्या क्रमांकाच्या एचएसव्हीची कथा मात्र सांगायलाच हवी. २०१२ मध्ये याच क्लबने पैसे वाचवायचे म्हणून आपला महिला संघ पहिल्या लीगमधून स्वतःहून काढून घेतला होता. पुरुष संघाच्या खर्चापुढे ती बचत म्हणजे चिल्लर. तिथून पुन्हा वर यायला तेरा वर्षं गेली. आणि २३ मार्च २०२५ रोजी, दुसऱ्या लीगमध्ये असतानाच, त्यांचा कपचा उपांत्य सामना वेर्डर ब्रेमेनशी हॅम्बुर्गच्या मोठ्या स्टेडियमवर झाला तेव्हा ५७,००० प्रेक्षक होते. जर्मनीत महिलांच्या क्लब सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. एचएसव्ही अतिरिक्त वेळेत १-३ असा हरला, पण त्या दिवशी हरण्याजिंकण्याचं कुणाला फारसं वाटलं असेल असं नाही. प्रश्न पडतो तो वेगळाच: एवढे लोक २०१२ मध्ये कुठे होते? मला वाटतं, इथेच होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आता याची उलटी बाजू, आणि तीही बर्लिनच्या अगदी शेजारी. टुर्बिने पॉट्सडाम हा १९७१ मध्ये पूर्व जर्मनीत स्थापन झालेला क्लब. पुरुषांचा मोठा क्लब याच्या पाठीशी नाही. पूर्व जर्मनीत सहा विजेतेपदं, एकीकरणानंतर २००४ ते २०१२ या काळात बुंडेसलिगाची आणखी सहा, शिवाय २००५ आणि २०१० मध्ये युरोपचं अजिंक्यपद. २०१० च्या अंतिम सामन्यात तर पेनल्टी शूटआउटमध्ये फ्रान्सच्या ल्यॉनला हरवलं. हाच संघ २०२३ मध्ये खाली घसरला, २०२४ मध्ये दुसरी लीग जिंकून वर गेला, आणि २०२४-२५ मध्ये वरच्या लीगमध्ये एकही सामना न जिंकता परत खाली आला. म्हणजे युनियन ज्या दारातून वर गेला त्याच दारातून टुर्बिने खाली. पैशाचं पारडं कुठे झुकलंय ते समजायला एवढं पुरेसं आहे.

मात्र मोठा क्लब मागे असला की सगळं आलबेल, असंही नाही. ड्यूसबुर्गचा महिला संघ २०२४ मध्ये पहिल्या लीगमधून खाली आला. त्याच सुमारास पुरुष संघही चौथ्या पातळीवर घसरला होता. मग क्लबने महिलांचा दुसऱ्या लीगमधला हक्कच सोडून दिला. म्हणजे पुरुष बुडाले की महिलांनाही पाण्यात ओढतात. म्हणून ‘मोठे क्लब आले, महिला फुटबॉलचं भलं झालं’ हे वाक्य मी अर्धंच मान्य करते. प्रेक्षक आले हे खरं, पण दोरी दुसऱ्याच्या हातात गेली हेही खरं.

खेळाचा दर्जा? वरच्या लीगपेक्षा वेग कमी, बचावफळीत चुका जास्त, आणि त्यामुळे गोलही बरेच. मला तर हे आवडतं. प्रत्येक चेंडू मागे-बाजूला खेळत बसणारे सामने टीव्हीवर पुष्कळ मिळतात.

२०२५-२६ च्या हंगामात युनियन वरच्या लीगमध्ये आहे, तेव्हा आल्टे फ्योर्स्टरायला जा, पण ती दुसरी लीग नव्हे हे लक्षात असू द्या. दुसऱ्या लीगसाठी २०२५-२६ मध्ये दोन पर्याय आहेत. एक टुर्बिने: बर्लिनहून एस-७ लोकल पकडून बाबेल्सबर्गला उतरा, कार्ल लीबक्नेख्त स्टेडियम तिथे आहे. दुसरा व्हिक्टोरिया बर्लिन. २०२२ मध्ये सहा स्त्रियांनी हा महिला संघ हातात घेतला, पुरुष क्लबच्या तिजोरीवर न विसंबता गुंतवणूकदार आणले, २०२३ मध्ये बढतीच्या सामन्यांत याच एचएसव्हीकडून हरले आणि २०२५ मध्ये अखेर दुसऱ्या लीगमध्ये आले. त्या सहाजणींपैकी एक आरियाने हिंग्स्ट, दोनदा विश्वविजेती आणि एकेकाळची टुर्बिनेची खेळाडू. व्हिक्टोरिया आणि टुर्बिने एकमेकांशी खेळणार असतील तो रविवार मोकळा ठेवा. थंडीचे कपडे घाला, उघड्यावर दोन तास बसायचंय.